पुस्तक संपलं म्हणजे अभ्यासक्रम संपला का?

सहामाहीनंतरच्या पालकसभेत एक प्रश्न हमखास येतो : "बाई, पोर्शन कुठवर आला?" मागे एकदा दुसरीतल्या एका मुलीच्या आईनं पिशवीतून गणिताचं पुस्तकच काढून माझ्यापुढं ठेवलं. पानं उलटत नाणी-नोटांच्या पाठापाशी थांबली आणि म्हणाली, "हे घेतलेलं दिसत नाही. सगळं कोरंच आहे." खरंच कोरं होतं. तो पाठ मी पुस्तकातून घेतलाच नव्हता. त्याऐवजी वर्गात दोन दिवस बाजार मांडला होता. भेंडी, शेंगदाणे, बांगड्या, पेन्सिली, आणि खेळातल्या नोटा-नाणी. तिच्याच मुलीनं सदतीस रुपयांचा हिशेब चुकता करताना वीस, दहा, पाच, दोन असं चारच नगांत जमवलं होतं.

आईची काळजी रास्त होती. तिनं मोजमाप तेवढं पुस्तकाचं घेतलं होतं, आणि आपण जवळपास सगळेच तसं करतो. अभ्यासक्रम आणि पाठ्यपुस्तक हे शब्द आपण एकाच अर्थानं वापरतो, शिक्षकसुद्धा.

अभ्यासक्रम म्हणजे राज्यानं ठरवलेला आराखडा. कोणते विषय, कोणत्या इयत्तेत किती खोलवर, वर्षाअखेरीस मुलाला काय समजलेलं आणि काय करता येत असलेलं हवं, आणि ते आलं की नाही हे कसं पाहायचं, हे सगळं त्यात येतं. पाठ्यपुस्तक हे तिथवर पोचण्याचं एक साधन आहे. मुलाच्या हाती पडतं, दप्तरात दिसतं, त्यामुळे तेच सर्वस्व वाटू लागतं. पाठ्यक्रम हा आणखी एक शब्द या दोघांत मिसळतो. एका विषयाचे त्या वर्षीचे घटक आणि उपघटक, एवढाच त्याचा अर्थ.

गोंधळ व्हायला आणखी एक कारण आहे. ज्या संस्थेला आपण बालभारती म्हणतो, तिचं पूरं नाव महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ. १९६७ साली पुण्यात स्थापन झालेल्या या मंडळाच्या नावातच दोन्ही शब्द शेजारी बसलेत. प्राथमिक शाळेचा अभ्यासक्रम ठरवण्याचं काम मात्र शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ प्रमाणे सरकारनं नेमलेल्या शैक्षणिक प्राधिकरणाचं असतं. आपल्याकडे ते राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडे आहे. त्याच कायद्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकाची कर्तव्यं दिली आहेत. ठरलेल्या मुदतीत संपूर्ण अभ्यासक्रम पूर्ण करणं हे त्यातलं एक. तिथं पुस्तक पूर्ण करा असं म्हटलेलं नाही. लगेच पुढं प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासून गरज असेल तिथं जादा शिकवावं, असंही सांगितलं आहे. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण पुस्तक सगळ्या वर्गाचं एकाच दिवशी संपू शकतं, अभ्यासक्रम मात्र प्रत्येक मुलाचा वेगळ्या दिवशी पुरा होतो.

हा फरक सगळ्यांत स्पष्ट दिसला तो २०१९ च्या जूनमध्ये. दुसरीचं गणिताचं नवं पुस्तक आलं आणि त्यात एकवीसच्या जोडीला 'वीस एक', त्रेसष्टच्या जोडीला 'साठ तीन' असं वाचन दिलेलं होतं. केवढा गहजब झाला! विधिमंडळापर्यंत विषय गेला, मराठी मोडीत काढताहेत असं लोक म्हणू लागले. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांना पुन्हा पुन्हा बाजू मांडावी लागली. आता शांतपणे पाहू. दुसरीच्या मुलाला नव्व्याण्णवपर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात आणि दशक-एकक कळावं, ही अपेक्षा अभ्यासक्रमाची. ती तसूभरही बदलली नव्हती. बदलली होती ती पुस्तकानं सुचवलेली वाट, आणि जुनी वाटही पुस्तकात शाबूत होती.

त्या वाटेची गरज कशासाठी, ते वर्गात बसल्यावर कळतं. फळ्याजवळ उभ्या मुलाला मी 'त्रेसष्ट' सांगते. त्याच्या कानावर आधी तीन पडतो, मग साठ. हातही आधी तीन लिहितो, मग सहा. फळ्यावर छत्तीस उमटतात. 'एकोणतीस' तर आणखी अवघड, कारण ऐकू येतो तीस आणि लिहायचा असतो दोन. मग मी काड्यांचे दहा-दहाचे सहा गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या त्याच्यापुढं ठेवते. "किती?" "साठ... आणि तीन." "लिही." आता ६३ बरोबर येतात. मग "याला आपण त्रेसष्ट म्हणतो" हे सांगायला अडचण उरत नाही. माझ्या वर्गातली मुलं त्रेसष्ट म्हणतातच आणि म्हणावंच. पण काड्यांचे गठ्ठे, 'साठ तीन' किंवा आजीच्या कवड्या, यांतलं काहीही वापरून मूल तिथं पोचलं तर अभ्यासक्रम पुरा झाला. नुसतं पान भरलं तर नाही.

मग अभ्यासक्रमात काय आहे हे पालकाला कुठं दिसणार? पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर अध्ययन निष्पत्ती, म्हणजे वर्षाअखेरीस मुलाला काय यायला हवं त्याची यादी, छापलेल्या असतात. अनुक्रमणिकेच्या घाईत त्या कुणी वाचत नाही. केंद्र सरकारनं २०१७ मध्ये शिक्षण हक्काच्या नियमांत इयत्तावार अध्ययन निष्पत्तींची तरतूद केली, तेव्हापासून शाळांच्या भिंतींवर त्यांचे तक्तेही लागले. त्यातली भाषा जरा कोरडी आहे, पण आशय साधा आहे. तिसरीच्या परिसर अभ्यासात आजूबाजूच्या झाडांची पानं, खोड, साल यांची आकार, रंग, स्पर्श, वास यांवरून ओळख अपेक्षित आहे. हे धडा वाचून येत नाही. आमच्या आवारातल्या कडुनिंबाची कातरलेली पानं आणि वडाचं जाड, चीक येणारं पान मुलांनी हातात घेऊन चुरगाळलं, नाकाशी नेलं, की येतं. धड्यावरचे स्वाध्याय सोडवले आणि झाडाला हात लावलाच नाही, तर वही तपासून होते आणि शिकायचं राहून जातं.

उलटही खरं आहे. पुस्तक मुळीच नसूनही विषय अभ्यासक्रमात असतो. कला, कार्यानुभव आणि आरोग्य व शारीरिक शिक्षण हे पहिलीपासूनचे विषय. त्यांचं 'खेळू, करू, शिकू' हे पुस्तक आलं ते बऱ्याच नंतर. त्याआधीची कितीतरी वर्षं हे तास गणिताला देऊन टाकले जात, कारण पुस्तक नाही म्हणजे विषय नाही असा समज. त्याचं मला आजही वाईट वाटतं. मूल्यमापनातही पहिली-दुसरीला आकारिक नोंदींचा, म्हणजे शिकता शिकता ठेवलेल्या नोंदींचा, भार सत्राअखेरच्या संकलित चाचणीपेक्षा जास्त असतो. निरीक्षण, तोंडी काम, कृती, प्रकल्प हे सारं त्या नोंदींत धरलं जातं, आणि त्यातलं थोडंच पुस्तकाच्या पानावर मावतं.

अलीकडच्या दोन बातम्याही या फरकानं नीट समजतात. २०२३-२४ मध्ये दुसरी ते आठवीची पुस्तकं चार भागांत आली आणि आत नोंदींसाठी कोरी पानं जोडली. पुढं ती पानं काढायचा निर्णय झाला. हा बदल पुस्तकाच्या रूपाचा, शिकायचं काय ते तेच. याउलट २०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणण्याचे शासन निर्णय निघाले आणि त्या जूनच्या अखेरीस मागे घेतले गेले. तो प्रश्न थेट अभ्यासक्रमाचा होता, म्हणजे सहा वर्षांच्या मुलानं किती भाषा शिकाव्यात याचा. त्यावर पालकांनी आवाज उठवला, ते योग्यच होतं.

म्हणून सभेत आता मी पालकांना सांगते की घरी "कुठला धडा चालू आहे?" एवढ्यावर थांबू नका. "आज काय जमलं, मला करून दाखव" असं म्हणा. पुस्तक बाजूला ठेवू नका, ते कष्टानं केलेलं असतं आणि सरकारी व अनुदानित शाळांतल्या पहिली ते आठवीच्या मुलांना मोफत मिळतं. ज्या घरात दुसरं एकही पुस्तक नाही तिथं त्याची किंमत मोठी आहे. फक्त त्याच्या पानांवरून मुलाचं शिकणं मोजू नका.

त्या दिवशी त्या आईला हे सगळं सांगत बसले नाही. मुलीला हाक मारली आणि आईला म्हटलं, "तुमच्या पाकिटातले पैसे द्या तिच्याकडं आणि पंच्याऐंशी मागा." पोरीनं टेबलावर पन्नासाची नोट ठेवली, शेजारी विसाची, दहाची आणि वर पाचाचं नाणं. आईनं बोटानं मोजून मान हलवली. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "थांब, अजून एका तऱ्हेनं होतं," आणि विसाची नोट उचलून तिच्या जागी दहाच्या दोन ठेवल्या.