विजयदुर्गावरचे साहेबाचे ओटे

विजयदुर्गाची तिहेरी तटबंदी आणि कोठारे दाखवून झाली की वाटाड्या पाहुण्यांना काही चौथऱ्यांपाशी घेऊन जातो. हे ‘साहेबाचे ओटे’. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकयर या इंग्रज शास्त्रज्ञाने इथे दुर्बिणी लावल्या आणि सूर्यावर हेलियम शोधला, अशी गोष्ट मग ऐकायला मिळते. १८ ऑगस्टला गडावर हेलियम दिनही साजरा होतो. गावाला या गोष्टीचा अभिमान आहे आणि तो अस्थानी नाही. लॉकयर खरोखरच विजयदुर्गावर आले होते, पण १८६८ साली नव्हे. ते आले १८९८ च्या जानेवारीत, म्हणजे तब्बल तीस वर्षांनी. तोवर हेलियमला नाव मिळून, तो पृथ्वीवरही सापडून झालेला होता.

मुळात साहेबाला हाच किल्ला का सापडला? त्यासाठी आधी बंदर पाहायला हवे.

विजयदुर्ग वाघोटन खाडीच्या मुखाशी आहे. खाडी खोल आणि आडोशाची, त्यामुळे इथे मोठी जहाजे निर्धास्त नांगरता येतात. किल्ल्याचे मूळ शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळापर्यंत नेले जाते. शेजारच्या गिर्ये गावावरून त्याचे जुने नाव घेरिया, आणि इंग्रजांच्या कागदांत तो त्याच नावाने येतो. शिवाजी महाराजांनी आदिलशाहीकडून तो घेतला आणि विजय संवत्सरावरून त्याचे विजयदुर्ग हे नाव ठेवले, असे परंपरा सांगते. पुढे कान्होजी आंग्रे यांनी हे आपल्या आरमाराचे मोठे ठाणे केले. किल्ल्यापासून खाडीत थोडे आत गेले की खडक कोरून केलेली गोदी दिसते. गुराबा आणि गलबते ही आरमाराची जहाजे तिथे बांधली जात, दुरुस्त होत. किल्ला पाहून तिथूनच परतणाऱ्यांनी ही गोदी चुकवू नये, कारण गडाचा जीव तिच्यात होता.

इंग्रजांनी १७१७ मध्ये हल्ला केला, तो फसला. १७२० मध्ये ते ‘फ्राम’ नावाचा तरंगता तोफखाना मुद्दाम बांधून घेऊन आले, तोही फसला. १७२४ मध्ये डच आले आणि परत गेले. समुद्राकडून हा किल्ला कोणाला मिळत नव्हता. तो पडला फेब्रुवारी १७५६ मध्ये, आणि त्याला कारण घरातले भांडण. नानासाहेब पेशव्यांचे कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे यांच्याशी बिनसले होते. पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. समुद्रातून अ‍ॅडमिरल वॉटसनचे आरमार आणि त्याच्याबरोबर रॉबर्ट क्लाइव्ह, जमिनीवरून रामाजी महादेव यांची मराठी फौज. एका तोफगोळ्याने बंदरातल्या एका जहाजाला आग लागली. जहाजे एकमेकांना बांधून उभी होती. बघता बघता आंग्र्यांचे सगळे आरमार जळून गेले. कोकण किनाऱ्यावरचे सर्वांत बलाढ्य मराठी आरमार मराठी राज्यानेच इंग्रजांकरवी बुडवले, हे लिहितानाही जिवाला लागते. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या तहात बाणकोट देऊन पेशव्यांनी विजयदुर्ग इंग्रजांकडून परत घेतला. त्यानंतर इथे पेशव्यांचे आरमार राहिले, आणि त्याची सुभेदारी धुळप घराण्याकडे होती. आनंदराव धुळपांनी १७८३ मध्ये ‘रेंजर’ हे इंग्रज जहाज त्याच्या सोबतच्या जहाजांसह पकडले, हा त्या काळातला शेवटचा मोठा पराक्रम. १८१८ मध्ये गड इंग्रजांकडे गेला आणि तोफा थंडावल्या.

आता १८६८ कडे वळू. त्या ग्रहणाची सावली एडनवरून पश्चिम किनाऱ्यावर आली, विजापूर, गुंटूर, मच्छलीपट्टण असा देश ओलांडून पुढे सयामकडे गेली. खग्रास अवस्था पाच मिनिटांहून अधिक टिकणार होती. शिवाय वर्णपटदर्शक हे नवे साधन शास्त्रज्ञांच्या हाती आले होते. प्रकाश त्यातून पाहिला की त्याचे रंग फाकतात आणि प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरावीक जागी रेषा उमटवते. ग्रहणात सूर्याच्या कडेला दिसणाऱ्या लाल ज्वाळा कशाच्या, हे त्या रेषांवरून कळणार होते. फ्रेंच शास्त्रज्ञ ज्यूल जान्सेन गुंटूरला उतरले. मद्रास वेधशाळेचे नॉर्मन पोग्सन मच्छलीपट्टणला गेले. लेफ्टनंट जॉन हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात थांबले. मोठमोठी पथके किनारा सोडून आत का गेली, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. ऑगस्टमध्ये विजयदुर्गावर उभे राहा, सूर्य दिसतो का पाहा.

जमखंडीला हर्शेल यांना ज्वाळांच्या वर्णपटात तीन ठळक रेषा दिसल्या: लाल, नारिंगी आणि निळी. मधली रेषा सोडियमची असावी असे त्यांना वाटले, कारण सोडियमची पिवळी जोडरेषा तिथेच असते. पुढे घोळ झाला तो याच रेषेभोवती. जान्सेन यांना रेषा इतक्या लख्ख दिसल्या की ग्रहण नसतानाही त्या दिसतील, अशी त्यांची खात्री पटली, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी त्या पाहून दाखवल्या.

लॉकयर तेव्हा इंग्लंडमध्ये होते. पोटापाण्यासाठी ते युद्धखात्याच्या कचेरीत कारकुनी करत आणि उरलेल्या वेळात आकाश पाहत. २० ऑक्टोबर १८६८ रोजी, ग्रहण नसताना, त्यांनीही स्वतंत्रपणे त्याच ज्वाळांच्या रेषा टिपल्या. दोघांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी, २६ ऑक्टोबरला वाचली गेली. फ्रेंच सरकारने पुढे दोघांच्या मुद्रा असलेले पदक काढले. हर्शेल यांना नारिंगी दिसलेली ती पिवळी रेषा सोडियमच्या जागी बसत नाही, थोडी सरकलेली आहे, हे लॉकयर यांनी धरून ठेवले. एडवर्ड फ्रँकलंड या रसायनशास्त्रज्ञाबरोबर प्रयोग केल्यावरही ती कुठल्याच माहीत असलेल्या द्रव्याशी जुळेना. तेव्हा हे नवे द्रव्य असणार असा तर्क पुढे आला, आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हटले गेले. कित्येकांनी ही गोष्ट मानली नाही. पंचवीस-सव्वीस वर्षे हे मूलद्रव्य फक्त एका रेषेच्या आधारावर उभे होते. १८९५ मध्ये लंडनला विल्यम रॅमसे यांनी क्लेव्हाइट या युरेनियमच्या खनिजातून निघालेला वायू तपासला, तेव्हा तीच रेषा प्रयोगशाळेत चमकली.

म्हणजे हेलियमच्या शोधाला एक जागा नाहीच. गुंटूर, इंग्लंडमधली एका कारकुनाची दुर्बीण आणि लंडनची प्रयोगशाळा, इतक्या ठिकाणी तो हळूहळू लागला.

लॉकयर भारतात पहिल्यांदा आले ते डिसेंबर १८७१ च्या ग्रहणाला. योगायोग असा की तेव्हाही त्यांनी समुद्रकाठचा किल्लाच निवडला, केरळातला बेकल. १८९६ मध्ये ते ग्रहणासाठी ‘व्होलेज’ या युद्धनौकेबरोबर नॉर्वेला गेले, पण ढगांनी घात केला. २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाची सावली पुन्हा आपल्या किनाऱ्यावरून आत येणार होती. महाराष्ट्रासाठी तर ही पर्वणीच होती. सोलापुराकडच्या जेऊरला पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला होते, तिथेच अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे पथकही होते, आणि विदर्भात तळणीला इंग्रज हौशी खगोलनिरीक्षकांचा मुक्काम होता. मुंबई इलाख्यात तेव्हा प्लेगने थैमान घातले होते, आदल्या वर्षी रँडचा वध झाला होता. अशा दिवसांत ही माणसे वर्णपटदर्शकांच्या पेट्या घेऊन माळरानावर उतरली होती.

लॉकयर यांनी सावलीच्या वाटेवरचे बंदर निवडले, आणि ते होते विजयदुर्ग. ‘मेल्पोमीन’ ही युद्धनौका खाडीत नांगरली आणि तिच्यावरचे अधिकारी व खलाशी हीच त्यांची फौज झाली. कोणी सेकंद मोजायचे, कोणी छायाचित्राच्या काचा बदलायच्या, कोणी सूर्याभोवतीच्या प्रभामंडलाचे चित्र काढायचे, अशी कामे वाटून दिली होती आणि त्यांची पुन्हापुन्हा तालीम झाली होती. खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटे होती, तेव्हा चुकायला वाव नव्हता. जड साधने वाऱ्याने हलू नयेत म्हणून त्यांना पक्के चौथरे लागतात. किल्ल्यातल्या ओट्यांकडे पाहताना माझ्या मनात हीच तयारी येते. जानेवारीचे कोकणचे आकाश निरभ्र असते आणि त्या दुपारीही त्याने दगा दिला नाही.

मग १८६८ आणि १८९८ एकमेकांत कसे मिसळले? माझ्या मते वाट सोपी आहे. लॉकयर हे नाव हेलियमशी बांधलेले, आणि लॉकयर साहेब दुर्बिणी लावताना गावाने पाहिलेला. दोन्ही गोष्टी खऱ्याच होत्या. मधली तीस वर्षे तेवढी गळाली आणि पाठ्यपुस्तकातली तारीख ओट्यांना येऊन चिकटली. इतके झाले तरी खरी गोष्ट कमी रंगतदार नाही. ज्या रेषेवर लोक हसत होते, ती खरी ठरल्यानंतर तीनच वर्षांनी तिचा माणूस सर ही पदवी लावून आंग्र्यांच्या गडावर उभा होता. ज्या बंदरात इंग्रजांनी मराठी आरमार जाळले, त्याच बंदरात त्यांची युद्धनौका या वेळी चंद्राच्या सावलीची वाट पाहत थांबली होती.

आता गडावर जाल तेव्हा ओट्यांपाशी उभे राहून आधी खाडीकडे पाहा. मेल्पोमीन तिथेच नांगरलेली होती.