कोबर्न, टॉम

थॉमस ॲलन कोबर्न (१४ मार्च १९४८ – २८ मार्च २०२०) हे अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्याचे डॉक्टर आणि रिपब्लिकन पक्षाचे पुराणमतवादी लोकप्रतिनिधी होते. त्यांचा जन्म वायोमिंगमधील कॅस्पर येथे झाला आणि बालपण ओक्लाहोमातील मस्कोगी गावी गेले. लेखाशास्त्राची पदवी घेऊन काही वर्षे त्यांनी घरच्या नेत्रभिंग-उद्योगात काढली. त्वचेच्या कर्करोगातून बरे झाल्यावर ते वैद्यकाकडे वळले. १९८३ मध्ये डॉक्टर होऊन त्यांनी मस्कोगीत व्यवसाय सुरू केला आणि पुढे चार हजारांहून अधिक बाळंतपणे केली.

१९९४ च्या रिपब्लिकन लाटेत ते प्रतिनिधिगृहात, म्हणजे अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, निवडून आले. तीनच मुदती राहण्याचा शब्द त्यांनी मतदारांना दिला होता आणि तो पाळून २००१ मध्ये ते परतले. लोकप्रतिनिधीचा चरितार्थ राजकारणाबाहेर असावा, अशी त्यांची धारणा होती. म्हणूनच २००५ मध्ये सिनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात, आल्यावर तेथील नीतिसमितीने रुग्णांकडून फी घेण्यास मनाई केली, तेव्हा त्यांनी मोफत बाळंतपणे करणे पसंत केले. डॉक्टरकी मात्र सोडली नाही.

सिनेटमधील बरेचसे कामकाज सर्वसंमतीने चालते, त्यामुळे एकट्या सदस्याची हरकतही विधेयक रोखू शकते. या अधिकाराचा कोबर्न यांच्याइतका चिकाटीने वापर फार थोड्यांनी केला असेल. ‘डॉक्टर नो’ हे नाव त्यांना त्यातूनच पडले. ऑक्टोबर २००५ मध्ये त्यांनी अलास्कातील केचिकन शहर आणि जेमतेम पन्नास वस्तीचे ग्रॅव्हिना बेट यांना जोडणाऱ्या नियोजित पुलाचा निधी काढून घेऊन तो कॅटरिना वादळात मोडलेल्या लुइझियानातील पुलाला देण्याची दुरुस्ती मांडली. ती १५ विरुद्ध ८२ मतांनी फेटाळली गेली. बहुतेक स्वपक्षीयांनीही साथ दिली नाही, पण मतदारसंघांसाठी परस्पर घुसडल्या जाणाऱ्या खर्चाकडे देशाचे लक्ष वेधले गेले आणि २०११ पासून सिनेटने ही प्रथा काही वर्षे स्थगित ठेवली.

त्यांचे सर्वांत टिकाऊ काम नकाराचे नाही, हे येथे आवर्जून नोंदवले पाहिजे. डेमोक्रॅटिक पक्षाचे बराक ओबामा यांच्यासह त्यांनी २००६ मध्ये संमत करून घेतलेल्या कायद्यामुळे केंद्र सरकारची अनुदाने आणि कंत्राटे कोणालाही संकेतस्थळावर तपासता येऊ लागली. गर्भपात आणि आरोग्यविमा या प्रश्नांवर दोघांची मते टोकाची विरुद्ध होती. मैत्री मात्र शेवटपर्यंत राहिली.

याच काटेकोरपणाची दुसरी बाजू डिसेंबर २०१४ मध्ये दिसली. माजी सैनिकांच्या आत्महत्या रोखण्यासाठीचे विधेयक त्यांनी अडवले. अशा योजना आधीच आहेत, नव्याने खर्च कशाला, हा त्यांचा युक्तिवाद हिशेबाचा होता. परंतु एका डॉक्टरकडून तो येणे सैनिकांच्या कुटुंबांना फार लागले. प्रोस्टेटच्या कर्करोगाने ग्रासलेले कोबर्न मुदतीच्या दोन वर्षे आधीच, जानेवारी २०१५ मध्ये निवृत्त झाले आणि पुढच्याच महिन्यात सिनेटने ते विधेयक ९९ विरुद्ध ० मतांनी संमत केले.