गाव ज्वालामुखीच्या पोटात आहे म्हणे! आओगाशिमाची पार्श्वभूमी

आओगाशिमा या जपानी बेटाचा ड्रोन व्हिडिओ दर दोन-चार महिन्यांनी कुठून ना कुठून फिरत येतोच. चहूकडे समुद्र, मधे हिरव्यागार कड्यांचा भलामोठा खड्डा आणि परातीत मोदक ठेवावा तसा त्या खड्ड्यात अजून एक डोंगर. कॅप्शन पण ठरलेलं, "ज्वालामुखीच्या आत राहणारी माणसं". हे अर्धंच खरं आहे. खड्ड्यात शेती, मीठ बनवायची जागा वगैरे आहे, पण गावातली घरं जवळपास सगळी कड्याच्या बाहेर, बेटाच्या उत्तरेकडच्या उतारावर आहेत. खड्ड्यात काय होऊ शकतं ते यांच्या पूर्वजांनी डोळ्यांनी बघितलंय. आणि तो मोदक, म्हणजे मारुयामा, तोच तर त्या प्रकरणाचा पुरावा आहे.

आधी जागा समजून घेऊ. हे बेट तोक्योच्या दक्षिणेला ३५८ किमीवर, तरी कारभार तोक्यो महानगराकडेच, त्यामुळे इथल्या गाड्यांना चक्क शिनागावाची, म्हणजे तोक्यो शहरातल्या एका भागाची नंबरप्लेट लागते! लांबी साडेतीन किमी, रुंदी अडीच, सगळ्यात उंच टोक ओतोन्बू ४२३ मीटर. किनारा असा नाहीच, समुद्रातून सरळ कडे वर आलेत. सगळ्यात जवळचं वस्तीचं बेट हाचिजोजिमा, तेही सुमारे ७० किमी, आणि मधे कुरोशिओ नावाचा जोरदार सागरी प्रवाह. आज इंजिनाची बोट असूनही लाटा वाढल्या की फेरी कॅन्सल, मग तीनशे वर्षांपूर्वी होड्यांनी ये-जा करणाऱ्यांचं काय होत असेल विचार करा. हाचिजोत एक जुनी दंतकथा आहे की पूर्वी बायका तिकडे आणि पुरुष इकडे आओगाशिमावर राहायचे, एकत्र राहिले तर देवाचा कोप होईल म्हणून, मग मिनामोतो नो तामेतोमो नावाच्या योद्ध्याने ही रीत मोडली. दंतकथाच आहे, पण मधलं पाणी किती त्रासदायक होतं हे त्यातून कळतंच.

तर १७८० च्या सुमारास भूकंप सुरू झाले. तेव्हा खड्ड्यात तळी होती, त्यांचं पाणी तापायला आणि वाढायला लागलं. १७८१ मध्ये राख पडली, १७८३ मध्ये लाव्हा आला, घरं जळाली, तरी लोक बेट सोडून गेले नाहीत. जाणार कुठे आणि कशाने? १७८५ च्या वसंतात मात्र मोठाच उद्रेक झाला. बेटावर तेव्हा ३२७ माणसं होती. हाचिजोहून होड्या आल्या, साधारण दोनशे जण सुटले, १३० ते १४० लोकांचा जीव गेला. तळी संपली आणि त्या जागी मारुयामा उभा राहिला, जो आपण आज रीलमध्ये बघून "वॉव" म्हणतो.

मला यापेक्षा पुढची गोष्ट मोठी वाटते, आणि रीलवाले नेमकी तीच गाळतात. वाचलेले लोक हाचिजोवर निर्वासित म्हणून राहिले, तेही तेनमेईच्या, म्हणजे १७८० च्या दशकात जपानमध्ये पडलेल्या मोठ्या दुष्काळाच्या काळात, जेव्हा यजमानांनाच खायची मारामार होती. परत जायचे प्रयत्न फसत राहिले, होड्या भरकटायच्या, काही बुडाल्या, एक तर थेट मुख्य जपानच्या किनाऱ्याला जाऊन लागली. शेवटी १८१७ मध्ये सासाकी जिरोदायू हा गावप्रमुख झाला आणि त्याने काम नीट आखून, टप्प्याटप्प्याने माणसं पाठवून जमिनी साफ करून घेतल्या. १८२४ मध्ये लोक परतले, १८३५ मध्ये सरकारी जमीन मोजणी झाली, म्हणजे सारा भरणारं गाव म्हणून पुन्हा कागदावर आलं. पन्नास वर्षं! परतणाऱ्यांतल्या कित्येकांचा जन्मच हाचिजोवर झालेला, ज्यांनी ते बेट कधी बघितलंच नव्हतं ते तिकडे शेती करायला निघाले.

पुढचं पटकन सांगतो. १९४० मध्ये आओगाशिमाला रीतसर गावाचा दर्जा मिळाला. पण दळणवळणाच्या नावाने बोंब असल्यामुळे राष्ट्रीय निवडणुकीत मत द्यायला १९५६ उजाडलं, म्हणजे नवी राज्यघटना लागू होऊन नऊ वर्षं झाल्यावर. १९९३ पासून हाचिजोहून रोजचं हेलिकॉप्टर आहे, ९ सीट, २० मिनिटं, बुकिंग मिळालं तर.

२०२० च्या जनगणनेत इथे १६९ माणसं होती, जपानमधली सगळ्यात कमी लोकसंख्येची स्थानिक स्वराज्य संस्था. शाळा नववीपर्यंत, पुढे शिकायचं तर पंधराव्या वर्षी बेट सोडायचं. जमिनीतून वाफ निघणाऱ्या भेगांना तिथे 'हिंग्या' म्हणतात, त्या वाफेवर समुद्राचं पाणी आटवून मीठ करतात, सार्वजनिक सौनाही त्याच वाफेवर चालतो आणि बाहेर वाफेच्या पेट्या ठेवल्यात, त्यात रताळी, अंडी ठेवायची आणि झाकण लावून बसायचं, गॅसचं बिल शून्य. रताळ्यापासून 'आओचू' नावाची दारूही बनते, ती पूर्वी घरोघरी बायकाच गाळायच्या.

१७८५ नंतर उद्रेक झालेला नाही, तरी जपानची हवामान संस्था याला सक्रिय ज्वालामुखीच मानते आणि नजर ठेवून असते. उद्या तसं काही झालंच तर १६९ माणसं आणि एक लहरी बंदर, हिशोब अजूनही तोच आहे, फक्त होड्यांच्या जागी हेलिकॉप्टर आलंय.