'ग्लिटर' पडला त्याची पार्श्वभूमी

अमेरिकन गायिका मराया कॅरीचा 'ग्लिटर' हा सिनेमा आता बरेच जण नव्याने बघतायत, पण तो पडला कसा हे कळायला २००१ चा उन्हाळाच बघावा लागतो. सिनेमाचं घाटत होतं १९९७ पासून, त्यात फार शिरण्यासारखं काही नाही. २००१ मध्ये तिचा नव्या रेकॉर्ड कंपनीशी करार झाला, आकडा ८ कोटी डॉलरच्या वर असल्याच्या बातम्या आल्या, आणि या सिनेमाची गाणी हाच त्या करारातला पहिला अल्बम ठरला. म्हणजे सिनेमा यायच्या आधीच सगळ्यांच्या नजरा पैशावर.

मुख्य भानगड 'लव्हरबॉय' गाण्याची. ते आधी एका जपानी बँडच्या 'फायरक्रॅकर' नावाच्या ट्यूनच्या सॅम्पलवर, म्हणजे तिच्यातून उचललेल्या तुकड्यावर, केलं होतं. मग तेच सॅम्पल तिच्या जुन्या कंपनीतल्या दुसऱ्या गायिकेच्या गाण्यात वापरलं गेलं आणि मरायाला आपलं गाणं मोडून वेगळ्या सॅम्पलवर नव्याने बांधावं लागलं. तिच्या बाजूचं म्हणणं असं की परवानगी आम्ही आधी घेतली होती आणि हे मुद्दाम केलं गेलं, त्या जुन्या कंपनीचा प्रमुख म्हणजे तिचा घटस्फोटित नवरा. काही जण म्हणतात असे योगायोग धंद्यात होतात, मला ते अजिबात पटत नाही, कारण ज्या गाण्यावर अख्ख्या सिनेमाची जाहिरात उभी होती नेमकं तेच ऐन वेळी बदलावं लागलं. तरी ते बिलबोर्ड या अमेरिकेतल्या गाण्यांच्या क्रमवारीत दोन नंबरला गेलं, पण सिंगलची (सुट्या गाण्याच्या रेकॉर्डची) किंमत पाडून विकलं म्हणून त्याचंही कौतुक झालं नाही.

जुलैअखेर ती हॉस्पिटलमध्ये दाखल झाली. अल्बम २१ ऑगस्टवरून ११ सप्टेंबरला ढकलला, सिनेमा ३१ ऑगस्टवरून २१ सप्टेंबरला. ११ सप्टेंबरला न्यूयॉर्कमध्ये काय झालं ते सांगायला नको. सिनेमावर सुमारे २ कोटी २० लाख डॉलर खर्च झाले, जगभरातून आले जेमतेम ५३ लाखांच्या आसपास. जानेवारी २००२ मध्ये नव्या कंपनीने २ कोटी ८० लाख डॉलर देऊन करारच संपवला. तिच्या आजारपणाची त्या काळात जी टिंगल झाली ती आज वाचवत नाही. बायपोलर (मनःस्थिती टोकाची बदलणारा मानसिक आजार) असल्याचं निदान २००१ मध्येच झालं होतं हे तिने २०१८ मध्ये स्वतः सांगितलं, आणि माझ्या मते लोकांची नजर तिथून खरी बदलली.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चाहत्यांनी ऑनलाइन मोहीम काढून १७ वर्षांपूर्वीचा हा अल्बम आयट्यून्स या गाणी विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाच्या अमेरिकेतल्या यादीत एक नंबरला नेला. २०२० मध्ये 'फायरक्रॅकर'वालं मूळ गाणंही अधिकृतपणे बाहेर आलं. म्हणजे न्याय आधी गाण्यांना मिळाला, ऐंशीच्या दशकाच्या ढंगातलं ते फंक संगीत आज एकदम ताजं वाटतं. सिनेमाची पटकथा मात्र तेव्हाही कच्ची होती आणि आजही कच्चीच आहे, पण क्लबमधले सीन आणि तिचा आवाज यांसाठी तो एकदा नीट बघावाच.