हेलसिंकी–टोकियो: अंतर तेच, तास वेगळे

हेलसिंकी ते टोकियो अंतर साधारण 7,800 किलोमीटर. पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणला, तर त्याची लांबी इतकी भरेल. विमानतळांमधली अंतरं देणारे तक्ते हेच मोजमाप धरतात. अडचण अशी, की ही वाट जवळजवळ सगळी रशियावरून जाते.

शीतयुद्धात सोव्हिएत आकाश पाश्चात्त्य विमानांना बहुतांशी बंद होतं. युरोपातून जपानला जायचं तर दक्षिणेकडून, मध्यपूर्व आणि भारतमार्गे थांबत थांबत. त्यात पन्नासहून जास्त तास जात. 24 फेब्रुवारी 1957 रोजी स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सने कोपनहेगन–टोकियो सेवा उत्तर ध्रुवाकडून सुरू केली. थांबा अलास्कातल्या अँकरेजला, वेळ सुमारे 32 तास. यात इंजिनांइतकंच श्रेय दिशाशोधनाला द्यायला हवं. ध्रुवाजवळ चुंबकीय होकायंत्रावर भरवसा ठेवता येत नाही आणि सगळे रेखांश एका बिंदूकडे धावत असतात. त्यामुळे खास जायरो (वेगाने फिरत दिशा धरून ठेवणारी यंत्रं) आणि नकाशावर आखलेली चौकटींची जाळी यांच्या आधाराने विमान न्यावं लागे.

1983 मध्ये फिनलंडच्या फिनएअर कंपनीने अँकरेजचा थांबाही गाळला. जादा इंधन घेतलेलं डीसी-10 विमान हेलसिंकीहून ध्रुवावरून अलास्का आणि रशियामधल्या बेरिंग सामुद्रधुनीकडे येई आणि सोव्हिएत हद्दीला वळसा घालून सुमारे 13 तासांत टोकियो गाठे. हा वळसा किती गरजेचा होता, ते त्याच वर्षी 1 सप्टेंबरला कळलं. अँकरेजहून सोलला निघालेलं कोरियन प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि लढाऊ विमानाने ते पाडलं. 269 माणसं गेली.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून सैबेरियाचं आकाश हळूहळू खुलं होत गेलं. फुकट नव्हे, रशिया त्यासाठी घसघशीत शुल्क घेत असे. पण टोकियो साडेनऊ तासांवर आलं, आणि आशियाला जाण्याची सर्वांत जवळची वाट आपल्याकडून जाते, या एका गोष्टीवर फिनएअरने आपला मोठा धंदा उभा केला.

फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केलं. युरोपने रशियन विमानांना आकाश बंद केलं, रशियाने उलट तेच केलं, आणि मार्चमध्ये फिनएअरची टोकियोची विमानं पुन्हा ध्रुवावरून निघाली. वेळ: सुमारे 13 तास. फिनएअरचं आताचं ए350 हे विमान डीसी-10 पेक्षा कितीतरी नवं आणि इंधनाच्या बाबतीत कितीतरी काटकसरी, पण वेगात दोघांत फारसा फरक नाही. प्रवासी जेटचा वेग साठच्या दशकापासून ताशी 900 किलोमीटरच्या आसपासच राहिला आहे. वाट लांबली की तास वाढणारच.

चिनी कंपन्या मात्र या बंदीत नाहीत. त्यामुळे पॅरिस–बीजिंगसारख्या मार्गावर विमानतळ तेच असूनही, चिनी विमान युरोपीय विमानापेक्षा लवकर पोहोचू शकतं.