अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही?

"अकरा महिन्यांचाच करार, नोंदणी कशाला?" रत्नागिरीत माडीवरच्या खोल्या कॉलेजच्या मुलांना देणारे कित्येक घरमालक असंच म्हणतात. हा गैरसमज १९०८ च्या नोंदणी कायद्यातून आला. त्यात वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्यालाच नोंदणीची सक्ती आहे. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५ सांगतं की करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. जबाबदारी मालकाची. दंड ५,००० रुपयांपर्यंत, कैद ३ महिन्यांपर्यंत, किंवा दोन्ही. खरी गोची वेगळीच आहे: नोंदणी नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात. शेजारच्या काकूंनी तांदळाच्या डब्याखाली जपलेला स्टॅम्पपेपर डिपॉझिटच्या भांडणात कामी आला नाही. चार मुलं राहणार असतील, तर चौघांचीही नावं करारात घाला.