हापूस हे नाव कुणाचे? भौगोलिक मानांकनाची पार्श्वभूमी

एप्रिल आला की ठाण्या-पुण्याच्या नाक्यानाक्यावर 'देवगड हापूस'च्या पाट्या लागतात. देवगड तालुका केवढा आणि पाट्या केवढ्या! त्यातल्या कितीतरी पेट्यांत कर्नाटकातला आंबा असतो. बागायतदाराला तो वासावरून, सालीवरून ओळखता येतो. पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकाला मात्र पाटीवरच विश्वास ठेवावा लागतो, आणि कायद्याची गरज पडते ती इथेच.

हापूस हे नाव मुळात पोर्तुगीज. गोवा जिंकणाऱ्या अफोन्सो द आल्बुकर्कवरून 'आफोन्सो', त्याचे कोकणीत 'आफूस' आणि आपल्याकडे 'हापूस' झाले. पोर्तुगिजांच्या काळात गोव्यात आंब्याची कलमे बांधली जाऊ लागली आणि हे कलम उत्तरेकडे रत्नागिरी, देवगडपर्यंत पोचले. पण नावाला किंमत आली ती इथल्या कातळामुळे, खाऱ्या वाऱ्यामुळे आणि सुरुंग लावून खडकात खड्डे पाडणाऱ्या, दूरवरून माती आणून ते भरणाऱ्या माणसांमुळे. हे नाव कुणा एका व्यापाऱ्याने कमावलेले नाही.

अडचण नेमकी तीच होती. व्यापारचिन्हाचा कायदा देशात होता, पण तो मुख्यतः एका मालकाच्या एका खुणेचे रक्षण करतो. सगळ्या किनाऱ्याने मिळून कमावलेले नाव त्यात कुठे बसवायचे? तरी न्यायालये अशा नावांना अगदीच परकी नव्हती. 1980 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने 'स्कॉच' या नावाची बाजू घेतली होती. स्कॉटलंडच्या दारूच्या नावाला इथे आधार मिळाला, आमच्या आंब्याला मात्र अजून कितीतरी वर्षे थांबायचे होते, याची मला आजही रुखरुख वाटते.

जागतिक व्यापार संघटना 1995 मध्ये सुरू झाली आणि तिच्याबरोबर बौद्धिक संपदेचा ट्रिप्स करार आला. त्यात एक तरतूद मोलाची होती: ज्या नावाला स्वतःच्या देशात संरक्षण नाही, त्याला इतर देशांनी संरक्षण देण्याचे बंधन नाही. म्हणजे आधी घरचा कायदा हवा. त्यातच 1997 मध्ये राईसटेक या अमेरिकी कंपनीला बासमतीच्या वाणांवर पेटंट मिळाल्याची बातमी आली आणि देश खडबडून जागा झाला. भारताने हरकत घेतल्यावर त्यातले बहुतेक दावे गळाले, पण धडा मिळाला होता. 1999 मध्ये भौगोलिक मानांकनाचा, म्हणजे ठरावीक प्रदेशातल्या मालाच्या नावाचे रक्षण करणारा, कायदा मंजूर झाला, तो 15 सप्टेंबर 2003 पासून लागू झाला. पहिली नोंद दार्जिलिंग चहाची. नोंदणीचे कार्यालय चेन्नईला.

कोकणातून वेंगुर्ल्याचा काजू, रत्नागिरी-सिंधुदुर्गाचे कोकम आणि डहाणू-घोलवडचा चिकू पुढे गेले. हापूसचे घोडे बराच काळ अडले, कारण देवगडला आपले नाव हवे होते, रत्नागिरीला आपले. अखेर ऑक्टोबर 2018 मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर अशा 5 जिल्ह्यांसाठी 'अल्फान्सो' (हापूसचेच इंग्रजी नाव) ही एकच नोंद झाली. दापोलीचे कृषी विद्यापीठ आणि बागायतदारांच्या संस्था तिच्या मालक ठरल्या. ही तडजोड मला योग्य वाटते. भांडत बसलो असतो तर नाव अजून मोकळेच राहिले असते.

या कायद्याचा एक भाग बरेच जण विसरतात. संस्थेच्या नावावर नोंद झाली म्हणून प्रत्येक बागायतदाराला मानांकन आपोआप वापरता येत नाही; 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून त्याने स्वतःची वेगळी नोंद करावी लागते. मानांकन 10 वर्षांचे असते, पुन्हा वाढवता येते, पण ते विकता येत नाही की कुणाच्या नावे करून देता येत नाही. खोटे नाव लावणाऱ्याला 6 महिने ते 3 वर्षे कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड होऊ शकतो.

हापूसचे कलम कुणीही कुठेही लावावे, त्याला हा कायदा आड येत नाही. आफ्रिकेतल्या मलावीत वाढलेला हापूस वाशीच्या बाजारात येतो. तो 'मलावीचा' म्हणून विकला तर तक्रार नाही. तक्रार आहे ती खोट्या पाटीविषयी. म्हणूनच देवगडच्या बागायतदारांच्या संस्थेने आता फळागणिक वेगळा क्रमांक असलेले स्टिकर लावायला सुरुवात केली आहे. पाटी बाजूला ठेवून गिऱ्हाइकाला तो क्रमांक तपासता येतो आणि हातातले फळ खरेच देवगडचे आहे का, हे कळते.